आठ जणांची आते

मारिसेल दुमलाव नापास झाली यावर तिच्या बॅचमधल्या कुणाचाच आधी विश्वास बसला नाही. काहीतरी घोळ झाला असेल, दुसऱ्या कुणाचा निकाल हिच्या नावावर चढला असेल, असंच पोरांना वाटलं. कारण जी आठ पोरं पास झाली होती त्यांच्या डोक्यात मूत्रपिंड आणि हृदय तिनंच उतरवलं होतं, तेही घरमालकीण मिस वर्नेटाच्या घराच्या ओट्यावर, भाताच्या पातेल्याभोवती बसवून.

मारिसेल मूळची फिलिपिन्सची. आईचं बोट धरून लहानपणीच कॅनडात विनिपेगला आली आणि शाळा संपताच एका वृद्धाश्रमात कामाला लागली. म्हाताऱ्यांना उठवायचं, अंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलायची. वडील लवकर गेले होते. दोघा धाकट्या भावांची शिक्षणं तिच्या आणि आईच्या हातांवर झाली. धाकट्याला नोकरी लागली त्या महिन्यात तिनं रात्रीच्या जेवणाच्या ताटावर सांगून टाकलं, "मी डॉक्टर होणार." भावांना हसू आवरेना. आई हसली नाही. तिनं फक्त विचारलं, "कुठे?" विनिपेगचं कॉलेज तिशी उलटलेल्या बाईला दारात उभं करेना. सेंट लुशिया या कॅरिबियन बेटावरच्या एका छोट्या मेडिकल कॉलेजनं केलं. तिच्यासारखे अमेरिकेचे, कॅनडाचे कितीतरी जण तिथे दोन वर्षं पुस्तकी अभ्यासाला येतात आणि मग पुढची वर्षं अमेरिकेतल्या दवाखान्यांत काढतात. मारिसेल व्यू फोर गावात मिस वर्नेटाच्या मागच्या खोलीत राहायला आली, आणि समुद्रावरच्या वाऱ्यानं पहिल्याच दिवशी तिची वाळत घातलेली चादर शेजाऱ्यांच्या पपईवर नेऊन टाकली.

वर्गातली बाकीची पोरं बाविशी-तेविशीतली. पहिल्याच आठवड्यात ह्यूस्टनहून आलेला एबुका नावाचा एक नायजेरियन पोरगा तिला 'आंटी' म्हणाला.

"आंटी म्हणालास तर माझ्याकडे जेवायला यायचं नाही," ती म्हणाली. "आते म्हण."

आते म्हणजे त्यांच्यात ताई. एबुकाला जेवणाचा मोह सुटेना, त्यामुळे त्या दिवसापासून ती आते झाली. आधी त्याची, मग हळूहळू ओट्यावर जमणाऱ्या सगळ्यांची. सगळे मिळून आठ जण होते. एबुका छातीवर पुस्तक ठेवून झोपायचा, तर ती त्याच्या डोक्याखालची उशी ओढून काढायची. ब्रॅम्प्टनची हरलीन परीक्षा आली की आधी दोन दिवस रडून घ्यायची, तर ती तिला रडू द्यायची आणि मग म्हणायची, "झालं? आता मला पोटॅशियम सांग." शिकवण्याची तिची तऱ्हा अगदी साधी. जो आजार शिकवायचा त्याचा कुणीतरी म्हातारा तिला विनिपेगचा आठवायचा. त्याचे पाय कसे सुजायचे, तो रात्री किती उशा मागायचा, हे ती सांगायची आणि पोरांना तो आजार जन्मभर लक्षात राहायचा.

अमेरिकेत डॉक्टरकीचा परवाना हवा असेल तर त्याची पहिली परीक्षा शिक्षण चालू असतानाच द्यावी लागते. ती पास झाल्याशिवाय दवाखान्यात पाऊल टाकता येत नाही. जुलैत सगळे नऊ जण मायामीला जाऊन ती देऊन आले. सकाळी आत जायचं, संध्याकाळी बाहेर यायचं. दिवसभर संगणकापुढे बसून प्रश्नांच्या फेऱ्यांमागून फेऱ्या.

निकाल ऑगस्टमधल्या एका बुधवारी लागला. मारिसेल ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. फोन थरथरायला लागला. हरलीन पास. एबुका पास. मग बाकीचे, एकामागून एक. मारिसेलनं आपला निकाल उघडला, वाचला, फोन उपडा ठेवला आणि उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या. मग फोन उचलून सगळ्यांना लिहिलं, "अभिनंदन रे पोरांनो. संध्याकाळी पानसित करते. सगळ्यांनी या."

पानसित म्हणजे त्यांच्याकडच्या शेवया. आनंदाचं काही असलं की त्या व्हायलाच हव्यात. तिनं मोठ्या कढईत त्या परतल्या, कोंबडी घातली, वर लिंबं पिळली. पोरं आली, नाचली, तिच्या गळ्यात पडली. कुणी विचारलं, "आते, तुझा निकाल?" तर म्हणाली, "माझा अजून यायचाय. तू वाढून घे आधी." आपल्या नापासाच्या दिवशी तिनं दुसऱ्यांच्या पासाची पंगत घातली, आणि कुणाच्या ताटात शेवया कमी पडू दिल्या नाहीत.

एबुका मागे राहिला. तो भांडी घासायला लागला. तसं यापूर्वी त्यानं कधी केलं नव्हतं.

"निकाल सगळ्यांचे एकदमच लागतात, आते," तो पाठमोराच म्हणाला.

मारिसेल स्वयंपाकाचा ओटा पुसत होती.

"नळ बंद कर," ती म्हणाली. "पाणी वाया जातंय."

त्यानं नळ बंद केला.  शेवटची कढई पालथी घालून तो निघून गेला.

महिनाभरात आठही जण पांगले. कुणी ब्रुकलिनला, कुणी शिकागोला, हरलीन बाल्टिमोरला. कॉलेजनं मारिसेलला सांगितलं, वर्ष संपायच्या आत पुन्हा बसा, पण तोपर्यंत दवाखान्याचं नाव काढू नका. त्यात कॉलेजचा दोष नव्हता. नियमच तसा होता. ती मागच्या खोलीत राहिली आणि पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला बसली.

तिला सगळ्यांत जड जायचं ते बाहेर पडणं. व्यू फोरमध्ये मेडिकलच्या प्रत्येक पोराला लोक 'डॉक' म्हणतात. भाजीवाली म्हणते, बसवाला म्हणतो, शाळेतून घरी निघालेली पोरं म्हणतात. दोन वर्षं तिला ते गोड वाटायचं. आता कुणी "डॉक, आज केळी घेतली नाहीत?" असं विचारलं की कानशिलं तापायची. केळी नकोशी वाटायला लागली. ती दुपारच्या उन्हात, रस्त्यावर चिटपाखरू नसताना बाजार करून यायला लागली.

एबुकाचे फोन यायचे, ती उचलायची नाही. "कामात आहे" एवढं लिहायची. हरलीननं मोठा मजकूर पाठवला, त्याला हात जोडल्याचं चित्र पाठवून दिलं. आणि आईला सांगितलं, निकाल लांबलाय. आईनं एकदाच विचारलं, "इतका?" ती म्हणाली, "हो, यंदा गर्दी आहे." 

सप्टेंबर असाच गेला. ऑक्टोबर लागला तसं मिस वर्नेटाच्या घरात गाण्यांना ऊत आला. मिस वर्नेटा पोस्टाच्या खिडकीमागे आयुष्य काढून निवृत्त झालेली बाई, पण गावात तिची खरी ओळख मार्गरिट मंडळाची मुख्य गाणारीण म्हणून होती. त्या बेटावर फुलांच्या नावाची दोन मंडळं आहेत, गुलाब आणि मार्गरिट. दोघांत पिढ्यान्‌पिढ्यांची चुरस. मार्गरिटांचा सण ऑक्टोबरच्या मध्यावर येतो. त्या दिवशी मंडळाचे राजा-राणी मुकुट घालून चर्चला जातात, त्यांच्यामागून पोलीस, न्यायाधीश, शिपाई, नर्सा, डॉक्टर. सगळी आपली गावचीच माणसं, सोंगं घेऊन. मग मिरवणूक, मग गाणी, मग जेवण.

एका दुपारी मिस वर्नेटा हातात इस्त्रीचे कपडे घेऊन मारिसेलच्या दारात उभी राहिली.

"आमचे डॉक्टर इग्नेशस," ती म्हणाली, "खुब्याचं ऑपरेशन करून घ्यायला शेजारच्या मार्टिनिक बेटावर गेलेत. सणाला डॉक्टर नाही. तू उभी राहा."

"मी नाही, मिस वर्नेटा."

"का? पांढरा कोट आहे तुझ्याकडे. नळी आहे कानात घालायची. त्या बिचाऱ्या इग्नेशसना तर दरवर्षी शेजारून मागून आणावी लागते."

"मी नापास झालेय."

हे शब्द तिनं तोंडानं पहिल्यांदाच उच्चारले होते. मिस वर्नेटानं कपडे खाटेवर ठेवले.

"ते मला माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या भातानं. दोन वर्षांत तू भात कधी करपवला नाहीस. ऑगस्टपासून दर दोन दिवसांनी करपवतेस. शेजारचा कुत्रासुद्धा खाईना झालाय." ती खाटेच्या कडेवर टेकली. "नापास झालीस तर काय? आमचा राजा कथबर्ट. मिनीबस चालवतो. त्याला कुणी राज्य दिलंय?"

"ते खोटं आहे म्हणून चालतं."

"खोटं नाही गं. सणाचं आहे." मग जरा थांबून तिनं विचारलं, "आईला सांगितलंस?"

मारिसेलनं नकारार्थी मान हलवली.

"मग आधी तिला सांग. तिच्या आधी मला ठाऊक असावं, हे काही बरोबर नाही. मी कोण तुझी? घरमालकीण." आणि उठता उठता म्हणाली, "आणि भात उद्यापासून मी लावणार."

रविवारी चर्च सुटल्यावर मारिसेलनं आईला फोन लावला. आईचं नाव नोर्मिता, पण मुलं तिला नानांग, म्हणजे आई, म्हणत. फोनच्या पडद्यावर विनिपेगचं स्वयंपाकघर दिसत होतं. नानांग चष्मा कपाळावर चढवून लसूण ठेचत होती.

"नानांग, निकाल लागलाय. ऑगस्टमध्येच लागला. मी नापास झाले."

लसूण ठेचणं थांबलं. मारिसेलला वाटलं, आता ती चर्चमधल्या बायकांचं काढणार. सगळ्यांना सांगून बसली होती ना ती, माझी मुलगी डॉक्टर होणार म्हणून.

"जेवलीस का?" आईनं विचारलं.

"नानांग, ऐकलंस का मी काय म्हणाले ते?"

"ऐकलं. म्हणूनच विचारतेय."

"जेवले."

"मग ऐक." नानांगनं चष्मा काढून बाजूला ठेवला. "मी फिलिपिन्समध्ये लावागला नर्स होते, हे तुला माहीत आहे. ऑपरेशनच्या खोलीत. डॉक्टरनं हात पुढे करायच्या आधी त्यात काय द्यायचं ते मला कळायचं. इथे आल्यावर वृद्धाश्रमात लागले. का?"

"तुला म्हाताऱ्या माणसांत राहायला आवडतं म्हणून."

"तसं मी सांगत आले. इथल्या परवान्याच्या परीक्षेला मी दोनदा बसले होते. दोन्ही वेळा नापास."

मारिसेलला खरंच वाटेना. "बाबांना माहीत होतं?"

"त्यांना वाटायचं मला अभ्यासाला वेळच मिळत नाही. तसंच वाटू दिलं. आम्ही पाच जणी होतो लावागच्या. चौघी पास झाल्या. त्यातली टेसी, ती उंच, दर शनिवारी दार वाजवायची. म्हणायची, चल, बस, मी करून घेते तुझ्याकडून. मी तिला कॉफी द्यायचे, केक द्यायचे, तिच्या पोरांची चौकशी करायचे. आणि म्हणायचे, मला नकोच ती नोकरी, हेच बरं वाटतं. शेवटी तिनं यायचं सोडलं." नानांगनं लसणाची पाकळी हातात घेतली आणि परत ठेवली. "नापास झाल्याचं दुःख कधीच गेलं, पोरी. टेसीला परत पाठवलं ते अजून जात नाही. तुझ्या दारावर कुणी येतंय का?"

मारिसेलला एबुकाचे न उचललेले फोन आठवले.

"येतंय," ती म्हणाली.

"मग कॉफी देऊन वाटेला लावू नकोस."

त्याच दुपारी तिनं एबुकाला फोन लावला. तो ब्रुकलिनच्या दवाखान्याच्या कँटीनमध्ये होता. मागे ताटांचा खडखडाट होता.

"एबुका, मी नापास झालेय."

"माहीत आहे, आते. भांडी मी घासली होती."

"मला मदत हवी आहे."

हे वाक्य म्हणायला तिला किती जड गेलं, ते तिचं तिलाच ठाऊक. घरात ती थोरली. भावांना तिनं दिलं, वृद्धाश्रमात तिनं दिलं, ओट्यावर तिनंच दिलं. घेणारे हात कसे पुढे करायचे असतात, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. एबुकानं मात्र काही मनावर घेतलं नाही.

"पुस्तक उघड," तो म्हणाला. "एक प्रश्न मोठ्यानं वाच. डोक्यात जे जे येईल ते सगळं बोल. मी ऐकतो."

तिनं वाचायला सुरुवात केली. "अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंना त्यांची मुलगी घेऊन आली आहे. बाईंना आठवडाभर जिना चढताना धाप लागते..." ती थांबली. "मुलगी घेऊन आली म्हणजे नवरा नसावा. आणि जिना आहे घरात. या वयात जिन्याच्या घरात एकटी राहत असेल तर..."

"थांब. हे तुला कुणी विचारलंय?"

"नाही, पण..."

"पुढे वाच."

तिनं वाचलं. बाईंच्या गोळ्यांची नावं आली. ती परत थांबली. या गोळीनं तोंड कोरडं पडतं, बाई नीट जेवत नसतील, असं म्हणाली. एबुका हसायला लागला. इतका हसला की शेजारच्या टेबलावरून कुणीतरी काहीतरी म्हणालं.

"आते, तू प्रश्न सोडवत नाहीस. तू त्या बाईला भेटायला जातेस. तिला उत्तर हवंय, तू फळं घेऊन निघालीस."

मारिसेललाही हसू आलं. ऑगस्टनंतर पहिल्यांदाच.

"प्रत्येक फेरीत शेवटचे किती प्रश्न राहायचे?" त्यानं विचारलं.

"सात-आठ. कधी दहा. ते न वाचताच कुठेतरी खूण करून टाकायचे."

"आणि हे तू कुणाला बोलली नाहीस?"

"कुणी विचारलं नाही."

"कोण विचारणार? तू मास्तरीण. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा." मग त्याचा आवाज जरा खाली आला. "तुला सगळं येतं, आते. आम्हाला येतं ते तुझंच आहे. फक्त तुला लवकर उठायला शिकवायचंय. दर वेळी त्या म्हाताऱ्यांच्या खाटेवर बसतेस तू."

एबुकानं बाकीच्यांना कळवलं. पुढे कसं ठरलं कोण जाणे, पण आठवड्याचे दिवस त्यांनी आपसांत वाटून घेतले. शिकागोचा एक जण दवाखान्याच्या जिन्यात बसून बोलायचा, त्यामुळे त्याच्या प्रत्येक वाक्याला घुमारा असायचा. दोघी जणी ड्यूटी संपवून बसमधून फोन करायच्या आणि स्टॉप आला की प्रश्न अर्ध्यातच टाकून उतरायच्या. सगळ्यांत कडक निघाली हरलीन. दोन-दोन दिवस रडणारी ती पोरगी आता समोर स्टीलची थाळी घेऊन बसायची आणि वेळ संपला की थाळीवर चमचा आपटायची.

"अजून उत्तर नाही? पुढचा."

"अगं, मला कळलंय, फक्त..."

"कळलंय तर सांग. नाहीतर पुढचा. आते, आता मला पोटॅशियम सांग."

मारिसेल चिडायची. एकदा फोन आपटला. पाच मिनिटांनी तिनंच परत लावला, तेव्हा हरलीन काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाली, "हं. पुढचा."

पण चिडण्यापेक्षाही अवघड होतं ते फोन संपल्यावरचं. दर वेळी तिच्या तोंडून निघायचंच, "तुला काय पाठवू गं? इथला कोको पाठवू? तुझ्या आईला मसाला?" एकदा हरलीन वैतागली.

"आते, फेडायची एवढी घाई का? आम्हाला काही द्यायची तू संधी कधी दिलीस? आता मिळालीय तर घेऊ दे की."

 त्या दिवसापासून मारिसेल कोकोचं नाव काढेनाशी झाली. नुसतं "बरं, ठेवते," म्हणायची. नंतर कितीतरी वेळ खिडकीशी बसून राहायची. आपल्यासाठी आठ ठिकाणी आठ जण थकून आल्यावर पुस्तक उघडतात, हे तिच्या मनात मावत नव्हतं.

मधे मार्गरिटांचा सण झाला. मारिसेल अखेर डॉक्टर म्हणून उभी राहिलीच. सकाळी चर्च होतं. निळ्या-जांभळ्या झग्यांतल्या बायका, मुकुट घातलेला राजा कथबर्ट, त्याच्या डोळ्यांवर त्याचा बस चालवतानाचा काळा चष्मा. मिस वर्नेटानं तो काढायला सांगितला, तर म्हणाला, "राजाच्या डोळ्यांना ऊन लागत नाही का?" मिरवणूक निघाली तेव्हा शेजारची गुलाब मंडळाची बाई आपल्या फाटकात उभी होती.

"यंदा मार्गरिटांना डॉक्टर बाहेरून आणावा लागला वाटतं," ती मोठ्यानं म्हणाली.

"तुमचा डॉक्टर तर दरवर्षी पहिल्याच गाण्याला झोपतो," मिस वर्नेटा चालता चालता म्हणाली. "आमची जागी तरी आहे."

जेवणाच्या वेळी लोक मारिसेलपुढे नाडी धरून घ्यायला रांग लावून उभे राहिले. ही सणाची गंमत. कुणाला पाठ दुखते, कुणाला बायको बोलते. ती प्रत्येकाला रमचं एकेक बूच औषध म्हणून लिहून देत होती. राजा आपलं ताट घेऊन तिच्या शेजारी येऊन बसला.

"डॉक, पुढच्या महिन्यात परीक्षा ना? तुला विमानतळावर मीच सोडणार."

"मी एकदा नापास झालेय, कथबर्ट."

"मी बसचं लायसन्स चौथ्या वेळी काढलं," तो तोंडात माशाचा घास असतानाच म्हणाला. "तरी राजा झालो."

"हे मला दोन वर्षं तुमच्या बसमधून फिरायच्या आधी सांगायला हवं होतं."

तो खो-खो हसला आणि मुकुट सरळ केला. मारिसेलच्या लक्षात आलं की तो आल्या आल्या तिला डॉक म्हणाला होता आणि तिचे कान तापले नव्हते.

नोव्हेंबरअखेर ती मायामीला गेली. हॉटेल बघणार तोच एबुकाचा निरोप आला, की त्याची मावशी तिथे राहते आणि तिनं खोली झाडून ठेवली आहे. मावशी आडव्या बांध्याची, कमी बोलणारी. तिनं मारिसेलपुढे लाल तिखट भात ठेवला, परीक्षेबद्दल एक अक्षर विचारलं नाही आणि झोपताना खोलीच्या दाराशी उभी राहून आपल्या भाषेत एक प्रार्थना म्हटली. मारिसेलला शब्द कळले नाहीत, फक्त मधे आपलं नाव आलेलं कळलं. सकाळी मावशीनं तिला परीक्षेच्या दारापर्यंत सोडलं. "मी इथेच फिरते आहे," म्हणाली आणि संध्याकाळी ती खरोखरच तिथेच होती.

आत तिसऱ्या फेरीत एक म्हातारा आला. शेतकरी, बायको गेल्या वर्षी वारलेली, वजन उतरलेलं. मारिसेल क्षणभर त्याच्यापाशी टेकली. मग तिला थाळीवरचा चमचा ऐकू आला. तिनं त्याचं उत्तर दिलं आणि उठली. शेवटच्या फेरीत शेवटचा प्रश्न झाला तेव्हा वेळ शिल्लक होता. शिल्लक वेळाचं काय करतात हे तिला माहीतच नव्हतं. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली आणि आतल्या आत एकेकाचं नाव घेत गेली. नानांग, मिस वर्नेटा, मग आठ जण, ओट्यावर ते बसायचे त्या क्रमानं.

निकाल डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या एका बुधवारी आला. मिस वर्नेटा रममध्ये भिजवलेली फळं केकच्या पिठात घालत होती. मारिसेल स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. फोन हातात धरलेला.

मिस वर्नेटानं तिच्याकडे पाहिलं. "आईला आधी सांग," म्हणाली. "मी पीठ ढवळतेय. मला घाई नाही."

नानांगनं फोन कामावरच उचलला. वृद्धाश्रमाच्या लांब मार्गिकेत ती उभी होती. "पास," मारिसेल म्हणाली. नानांगनं तोंडावर हात ठेवला. मग फोन खांद्याशी धरून ती कुणाला तरी म्हणाली, "माझी मुलगी. डॉक्टर आहे." पलीकडून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "मग तिला सांग, माझा गुडघा बघ म्हणावं."

मग आठ फोन. हरलीन रडली, अगदी पूर्वीसारखी. शिकागोचा जिन्यातच ओरडला आणि तो घुमारा बराच वेळ विरेना. बसमधल्या दोघी त्या दिवशी आपला स्टॉप चुकल्या. एबुकानं फोन उचलला नाही, तो ऑपरेशनच्या खोलीत होता. संध्याकाळी त्याचाच आला. मारिसेलनं काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. चांगलं मोठं, आभाराचं. त्यातलं काहीच आठवलं नाही.

"एबुका," ती म्हणाली, "तू नसतास तर..."

"आते," तो म्हणाला, "नळ बंद कर. पाणी वाया जातंय."

दोघंही हसले. फोन मात्र बराच वेळ दोघांनीही ठेवला नाही.

केक भाजून झाल्यावर तिनं मिस वर्नेटाचे आभार मानायचा प्रयत्न केला. मिस वर्नेटानं केकचा जाड तुकडा कापून तिच्या हातात दिला. "भात मी लावला म्हणून पास झालीस," ती म्हणाली. "एवढं लक्षात ठेव म्हणजे झालं." आणि पदराला हात पुसावेत तसे आपल्या झग्याला हात पुसून दुसऱ्या केकला लागली. पण त्या दिवशी ती दिवसभर गात होती, आणि सण तर केव्हाच होऊन गेला होता.

जानेवारीत मारिसेलला बाल्टिमोरच्या दवाखान्यात जागा मिळाली. कथबर्टनं तिला विमानतळावर सोडलं, बसमधल्या बाकीच्या प्रवाशांना वळसा पडला तरी. त्यांनीही कुरकुर केली नाही. उलट सगळे उतरून तिच्या बॅगा पोहोचवायला आत आले, आणि दारावरच्या शिपायानं विचारलं की नेमकं कोण प्रवास करणार आहे.

बाल्टिमोरला बर्फ पडत होता. हरलीन विमानतळाच्या दाराशी एक जाड जॅकेट हातावर टाकून उभी होती. ते हरलीनचंच होतं, बाह्या लांब, खांदे रुंद. मारिसेलनं ते अंगात घातलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढली.

"थँक यू, हरलीन," ती म्हणाली.

"चल," हरलीन तिची बॅग ओढत म्हणाली, "मला भूक लागलीय. आणि घरात तांदूळ आहेत."